धुरपताबाईची गोवरी

कारध्यात माझ्या सासूला सगळे ‘काकडीवाली’ म्हणतात. नाव धुरपताबाई, वय सत्तरीच्या पुढे, पाठ वाकलेली, जीभ मात्र अजून सरळ. काकडी विकणं सोडून जमाना झाला, पण नाव काही सुटत नाही. मी रत्नमाला, तिची सून. तोंडावर मी तिला आई म्हणते, पाठीमागे बुढी म्हणते, आणि तिला दोन्ही माहीत आहे. माझा पारा लवकर चढतो हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तो चढणार आहे.

काकडीवाली म्हटलं की लोकांना वाटतं, बाजारात टोपली घेऊन बसत असेल. तशी नाही. बुढीची काकडी नदीतली. आमच्या गावाला वैनगंगा खेटून आहे, पलीकडे भंडारा. आधी उन्हाळ्यात पाणी पलीकडच्या काठाला सरकायचं आणि इकडे नुसती वाळूच वाळू उघडी पडायची. ज्यांना शेत नव्हतं त्यांना वाळू होती. माझा सासरा केवळराम आणि ही, दोघं जानेवारीत वाळूत आळी खणायचे, डोक्यावरून शेणखत वाहून न्यायचे, बी टाकायचे आणि थंड वाऱ्यापासून वाचवायला तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, आडोसा करायचे. मार्च लागला की वेल वाळूवर पसरायचे. काकडी आखूड, जाड, पाठीवर पांढरे पट्टे, आणि मोडली की पाणी टपटप गळायचं. तसली काकडी मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

मी आंबागडची. आमच्याकडे किल्ल्याचा डोंगर, जंगल, मोहफुलं. वाळूत पाय घालायची सवय कोणाला? लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात सासऱ्यानं ही वाळूतली वाडी दाखवायला नेलं आणि भर दुपारी मी बोंबलत परत आले. तळव्यांना फोड. बुढी हसून हसून लोळली. “डोंगरची पोरगी हाये, बाप्पा! पाय मेणाचे हायेत इचे!” मी रुसून बसले. दुसऱ्या दिवशी सासऱ्यानं सायकलच्या जुन्या टायरची चप्पल कापून आणली, माझ्यापुढे ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. असा माणूस होता तो. बोलायचं काम सगळं बुढीकडे.

दुपारचं जेवण वाळूतच, चार बांबूंवर तणस टाकलेल्या झोपडीत. रातचा भात, मडक्यातलं ताक, आणि त्यात बुढी काकडी हातानं चेचून टाकायची. लसणाच्या दोन पाकळ्या दगडावर ठेचायच्या, मीठ, एखादी हिरवी मिरची. झालं. बाहेर ऊन्ह असं की डोळे उघडवत नाहीत आणि तोंडात ते गारेगार. आता घरात फ्रिज आहे, पण तो गारवा नाही आला कधी.

आणि चौदा एप्रिल! जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या घराचं काम ठरलेलं. लोक चौकात आले की केवळरामची काकडी. पितळेच्या परातीत फोडी, वर मीठ-तिखट, येईल त्याच्या हातावर ठेवायची. नाचून घामाघूम झालेली पोरं परातीवर तुटून पडायची. सासरा कडेला उभा राहून पाहायचा. कोणी म्हटलं, “केवळरामभाऊ, यंदाची लई गोड हाये,” की तो मान खाली घालायचा आणि बुढी त्याच्या वतीनं म्हणायची, “दरवर्षीच राह्यते!”

मग नदीवर खाली बांधलेल्या धरणाचं पाणी वर चढत आलं आणि एका वर्षी वाळू उघडीच पडली नाही. पुढच्याही वर्षी नाही. सासरा रोज सकाळी काठावर जाऊन उभा राहायचा. पाहायला होतं काय तिथे? पाणी. तो गेला तेव्हा घरात त्याच्या हातची एकच चीज उरली होती, राखेच्या मडक्यात ठेवलेलं काकडीचं बी.

बुढीनं तेवढं धरून ठेवलं. परसात आळी करायची, त्यात पोत्यानं आणलेली नदीची वाळू भरायची आणि दरवर्षी दोन-तीन वेल चढवायची. पहिली चांगली काकडी बीसाठी पिकू द्यायची, बाकीची जयंतीला. फोडी कमी पडायच्या म्हणून पातळ कापायची, पण परात निघायची. मध्ये एकदा उंदरांनी मडकं पाडलं, तेव्हापासून बी गोवरीत. ओल्या शेणाच्या गोळ्यात बी दाबायचं, गोवरी थापायची आणि मागच्या भिंतीला वळचणीखाली, सगळ्यात वरच्या ओळीत लावायची. शेणातल्या बीला कीड लागत नाही. पेरायच्या दिवशी गोवरी फोडायची.

मागच्या वर्षी माकडांची टोळी परसात उतरली आणि सगळे वेल ओरबाडून गेली. एक काकडी वाचली. जयंतीला चौकात आमची परात गेली नाही, कारण ती एक काकडी बुढीनं कापू दिली नाही. तिचं बी काढलं आणि गोवरी थापली. एकच. केवळरामची काकडी जगात असेल तर त्या एका गोवरीत होती, आणि बुढी येता-जाता वर पाहून घ्यायची.

यंदा जानेवारीत माझी लेक प्रतिक्षा घरी आली. पुण्याला हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिथून तिला ग्रीसमधल्या एका बेटावरच्या हॉटेलात बोलावणं आलं. जायच्या आधी चार दिवस घरी. पोट्टीनं आल्या आल्या जाहीर केलं, “आजी, मी तिथं जे बनवणार हाये ना, ते तुले खाऊ घालूनच जातो. टर्कीचा बर्गर. संग दही-काकडीची चटणी.”

“टर्की म्हंजे आपला जमादार?” बुढीनं विचारलं.

जमादार म्हणजे आमचा टर्की कोंबडा. माझ्या नवऱ्याला, जीवनला, कुठून काय हौस सुचेल सांगता येत नाही. बपेरा गावच्या कोणाकडून त्यानं दोन पिल्लं आणली. एक मुंगसानं नेलं, दुसरा वाढत वाढत असा माजला की छाती फुगवून अंगणात गस्त घालायचा आणि पाहुण्यांच्या मागे धावायचा. म्हणून जमादार. बुढीचं आणि त्याचं वैर. दोन दिवसांपासून तो परसातल्या लाकडांच्या ढिगावर चढून वळचणीखालच्या गोवऱ्यांना चोची मारत होता आणि बुढी काठी घेऊन त्याच्या मागे. “मेल्या, भितीले काहून खाऊन राहिला? दाने कमी पडते का तुले?”

तेव्हा जमादाराची वेळ भरली असं बुढीनंच ठरवलं. सकाळीच जीवननं त्याला कापला आणि सोलताना म्हणाला, “काय गिळलं याने एवढं! गळ्यातली पिशवी टम्म हाये.” मी म्हटलं, पाहत काय बसला, कुत्री यायच्या आधी पुरून टाक. आता हा माणूस किती आळशी! बुढीनं आदल्या दिवशी परसात तीन आळी खणून वाळू भरून ठेवली होती, उद्या त्यात बी टाकायचं म्हणून. यानं पाहिलं, इथली जमीन भुसभुशीत आहे. शेवटच्या आळ्यात चार बोटं उकरलं, पिशवी-आतडी सगळं त्यात टाकलं, वर वाळू लोटली आणि बोरीचे काटे ठेवले.

बुढीनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अरे, बीच्या आळ्यात आतडी पुरते का कोनी?”

“खत होईल ना, आई,” जीवन म्हणाला आणि सटकला.

दुपारभर प्रतिक्षाचा स्वयंपाक चालला. दही तिनं रातीच फडक्यात बांधून खुंटीला टांगलं होतं, ते घट्ट झालं. जमादाराचं मांस सुरीनं बारीक बारीक करून खिमा केला. म्हणे, या मांसात चरबी नसते, कोरडं होतं, म्हणून त्यात कांदा, भिजवलेला पाव आणि तेल. मग लसूण, पुदिना, मीठ, आणि पुण्याहून आणलेल्या बाटलीतला कसलातरी वाळलेला पाला. बुढी पाट घेऊन समोर बसलेली, जसं काही परीक्षक.

“वडेच ना हे?”

“हो आजी, वडेच. पावात घालायचे.”

मग काकडी. बाजारातून आणलेली, लांब, हिरवी, चकचकीत. प्रतिक्षानं ती किसली, मीठ लावलं आणि मुठीत धरून पिळली. बुढीच्याच जिवाला लागलं. “पोरी, पानी फेकलं तं काकडीत उरलं काय?”

“चटणी पातळ होते, आजी.”

“आपली असती तं पानी फेकू नसतं देल्लं मी,” बुढी म्हणाली. “उद्या बी टाकतो. तू गेल्यावर येईल.” आणि ती उठून परसाच्या पलीकडच्या टोकाला वेलांसाठी काठ्या रोवायला गेली. मी हातपंपावर भांडी घासायला गेले.

आता काय झालं ते ऐका. पोट्टीला वडे गॅसवर नको होते, निखाऱ्यावर भाजायचे होते. तिथं तसेच भाजतात म्हणे. अंगणात चूल होती, पण आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि ढिगावरची लाकडं ओली. खालच्या गोवऱ्याही दमट. तिनं वर पाहिलं. वळचणीखाली, सगळ्यात वरच्या ओळीत, एक गोवरी छान कोरडी ठणठणीत होती. एका कोपऱ्यातून जरा टोचलेली. तिला काय माहीत? ती घरी होती तेव्हा बी मडक्यात असायचं. लाकडांवर चढून तिनं ती काढली, मोडली आणि चुलीत घातली.

हातपंपावर मला आधी धूर दिसला, मग वास आला, चांगला वास, आणि मग तो आवाज. तड. तड तड. मोहरी फुटावी तसा. माझ्या काही ध्यानात आलं नाही. बुढीच्या आलं. ती परसाच्या टोकाकडून आली, हातात रोवायची काठी तशीच, येऊन चुलीपाशी थांबली आणि तिनं भिंतीकडे पाहिलं. वरच्या ओळीत गोल पांढरा डाग होता, गोवरी निघाल्यावर राहतो तसा.

मी भांडी टाकून धावले. पाणी मारू म्हटलं, पण चुलीत लाल निखारा झाला होता आणि त्यावर पापडाच्या जाळीत वडे चुरचुरत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अगं भवाने! काय जाळलं माहीत हाये का तुले? आजोबाचं बी जाळलं तू! एवढंच होतं! एवढंच!” मी हात उगारला. चोवीस वर्षांची घोडी, तरी उगारला.

प्रतिक्षा आधी माझ्याकडे, मग भिंतीकडे पाहत राहिली. कळलं तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं. उघड्या हातानं ती चुलीत घुसायला निघाली. बुढीनं तिचं मनगट धरलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “वडे पलट. करपतील.”

“आजी...”

“पलट म्हनलं ना.”

पोट्टीनं रडत रडत वडे पलटवले. आम्ही चौघं अंगणात जेवायला बसलो. जीवन म्हणाला, “छान झालं,” आणि माझ्याकडे पाहून खाली मान घालून खाऊ लागला. बुढीनं पाव बाजूला ठेवला. वड्याचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता थांबली. मला वाटलं, आता ही उठते.

तिनं बोटानं नुसती चटणी घेतली आणि चाटली. मग पुन्हा.

“हे तं आपन वाळूत खात होतो,” ती माझ्याकडे पाहून म्हणाली. “आठवते का व? ताक, काकडी, लसून. तेच हाये. हे म्हाताऱ्याचं जेवन हाये.”

आठवत नव्हतं तर काय! तणसाची झोपडी, सासऱ्याच्या हातातलं जर्मनचं ताट, पायात टायरची चप्पल. लेकीवर ओरडायचं सोडून मी चटणीची वाटी पुढे ओढली.

“तू रागावली काय, आजी?” प्रतिक्षानं विचारलं.

“राग नाही. वाईट वाटून राहिलं,” बुढी म्हणाली. “खोटं कायले बोलू? लई वाईट वाटून राहिलं. दे अजून चटनी.”

तिसऱ्या दिवशी पोट्टी गेली. जाताना आजीच्या पाया पडली तर उठेचना. फोन रोज करायची. जेवले का, दुखतं का, सगळं विचारायची. परसाबद्दल एक शब्द नाही. आधी दर जानेवारीत तिचा प्रश्न ठरलेला असायचा, वेल किती आले म्हणून. तो तिनं टाकूनच दिला आणि मला ते जास्त लागत होतं. बी गेलं ते गेलं, पण पोरगी तिकडे समुद्रापार बसून तेच उगाळत होती.

बुढीही बदलली. काठी टेकत परसात जायची आणि रिकाम्या आळ्यांपाशी बसून यायची. नदीकाठी सासरा उभा राहायचा तशी. मी म्हटलं, “आई, त्यात वांगी लावू का?” तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

फेब्रुवारी लागला होता. मी सकाळी कपडे वाळत घालत होते तर परसातून हाक. “रत्नमाले! अव रत्नमाले! इकडे ये!” पडली की काय म्हणून मी हातातलं लुगडं तसंच घेऊन पळाले. बुढी शेवटच्या आळ्यापाशी बसली होती. बोरीचे काटे बाजूला केलेले. वाळूतून जोडपानांचे अंकुर वर आले होते, एकमेकांना चिकटून, गुच्छासारखे.

जमादार! मेला दोन दिवस भिंतीला चोची मारत होता तो कायला? गळ्यातली पिशवी टम्म होती ती कशानं? माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं, पण मी लगेच म्हटलं, “बाजारच्या काकडीचं असंल, आई. नाही तं भोपळा. आत्ताच जीव लावू नका.” बुढीनं मान हलवली. तिलाही तीच भीती होती. “पोरीले बोलू नको,” ती म्हणाली. “फळ पाह्यल्याबिगर नाही. एकदा रडली ते पुरे झालं.”

मग जे काही सुरू झालं! अंकुर विरळ करून तिन्ही आळ्यांत लावले. माकडांसाठी जीवनकडून जुन्या मच्छरदाण्या शिवून घेतल्या आणि त्यानं मांडवच करून टाकला. आळशी माणूस, पण मांडवाखाली रोज सकाळी जाऊन पाणी घालायचा, न सांगता. बुढी दुपारीसुद्धा तिथंच बसायची. मी ओरडायचे, ऊन्ह लागेल, तर म्हणायची, “वाळूत नाही लागलं तं इथं लागन का?”

फुलं आली. पिवळ्या फुलामागे बोटाएवढं फळ धरलं. बुढीचे डोळे अधू, तिला दिसेना. तिनं मला खाली बसवलं. “पाह्य. पाठ कशी हाये?”

मी मच्छरदाणीत डोकं घातलं. अंगावर लव, पोट फिकट, आणि पाठीवर बारीक बारीक पांढरे पट्टे.

“सांग ना व!”

मी तिचं बोट धरलं आणि पट्ट्यांवरून फिरवलं. जसं काही बोटानं तिला रंग कळणार होता. पण कळला. बुढी तिथंच वाळूत फतकल मारून बसली आणि मोठ्यानं रडली. सासरा गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

जयंतीला आमची परात निघाली. काकड्या मोजक्याच, म्हणून फोडी एवढ्या पातळ की हातावर ठेवली तर हाताच्या रेघा दिसतील. पण निघाली. चौकात कोणीतरी म्हटलं, “काकडीवाली आली!” आणि बुढीनं वाकलेली पाठ होईल तेवढी ताठ केली.

पहिली काकडी वेलावरच ठेवली होती. ती पिवळी झाली, तडकली, तेव्हा बुढीनं बी काढलं, शेणात दाबलं आणि गोवरी थापली. यंदा दोन. वळचणीखाली वरच्या ओळीत मी चढून लावल्या, बुढी खालून सांगत होती, डावीकडे, अजून डावीकडे. मग तिनं चुलीतला कोळसा माझ्या हातात दिला.

“लिही, जाळू नये.”

मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. उतरायला लागले तर म्हणाली, “थांब. खाली नाव लिही.”

“कोणाचं? मामाजीचं?” सासऱ्याला मी मामाजी म्हणायचे.

“त्याचं कायले? त्याचं झालं ना आता. प्रतिक्षाचं लिही.”

मी लिहिलं आणि फोटो काढून पाठवला. तोवर बी जगल्याचं आम्ही तिला कळू दिलं नव्हतं. थोड्या वेळानं फोन वाजला. पडद्यावर पोट्टी, डोक्याला स्वयंपाकघरातली पांढरी टोपी, मागे कढया. नुसती हुंदके देत होती.

बुढीनं माझ्या हातातून फोन ओढला, उलटा धरला, मी सुलटा केला.

“रडू नको,” ती म्हणाली. “जेवली काय? जेव आधी. आन जानेवारीत ये. गोवरी तुलेच फोडा लागन.”